मागून पेटी उचलणारे आबा

आमच्या शाळेत पालक दोनच कारणांनी यायचे. प्रगतिपुस्तकावर सही करायला, नाहीतर पोराबद्दलची तक्रार ऐकायला. सातवीतल्या एका मुलीचे आजोबा मात्र तिसऱ्याच कामाने आले. शाळेच्या मागच्या भिंतीवर विजेच्या मीटरची जुनी रिकामी पेटी होती. तिच्यात मधमाश्यांनी घर केलं होतं आणि आमचे शिपाईदादा रॉकेलचा बोळा नि काडेपेटी घेऊन निघाले होते. ती मुलगी धावत आली आणि म्हणाली, "बाई, जाळू नका. माझे आबा काढतात माश्या. गावाला हातानं काढायचे." यावर कोणाचा फारसा विश्वास बसला नाही, पण शिपाईदादा थांबले.

आबा दिवेलागणीला आले. पांढरा लेंगा-सदरा, डोक्यावर टोपी, काखेत गोणपाटाची गुंडाळी आणि एक फळांचं खोकं. आल्या आल्या कामाला हात घातला नाही. भिंतीपाशी उकिडवे बसून माश्यांची ये-जा बघत राहिले. मग म्हणाले, "सातेरी हाय. गरीब जात. आग्या असती तर मी बी आलो नसतो."

पुढचा तासभर मी जे पाहिलं ते माझ्या वनस्पतिशास्त्राच्या पदवीत कुठेच नव्हतं. त्यांनी गोणपाटाचा तुकडा पेटवून विझवला, त्याचा थंडसा धूर पेटीत सोडला, झाकण काढलं. आत एकाशेजारी एक अशी पोळी लटकत होती. ती एकेक करून चाकूने सोडवली. पिल्लांची पोळी केळीच्या सोपटाने काड्यांना बांधून खोक्यात टांगली. मग राणी शोधली. ती सापडल्यावर शिपाईदादांकडे हात पुढे करून म्हणाले, "ती काडेपेटी द्या." काड्या काढून घेतल्या आणि राणीला त्या रिकाम्या काडेपेटीत कोंडून खोक्यात ठेवलं. थोड्या वेळाने बाकीच्या माश्या आपल्या पायांनी खोक्यात चालत गेल्या. भिंतीवर शंभरेक उरल्या असतील, त्याही अंधार पडेपर्यंत आत गेल्या.

मी तोवर बरीच वर्षं परागीभवन शिकवत होते. फळ्यावर फुलाचा उभा छेद, पिवळ्या खडूने पुंकेसर, हिरव्याने अंडाशय, एका फुलाकडून दुसऱ्याकडे जाणारा बाण आणि बाणावर 'कीटक' असा एक शब्द. त्या संध्याकाळी तो शब्द हजारोंच्या संख्येने माझ्या कानाशी गुणगुणत होता आणि त्याला काय खायला लागतं, तो पावसात कुठे जातो, यातलं मला काहीच सांगता आलं नसतं.

आबा मूळचे जावळी खोऱ्यातले. कोयनेचं धरण झालं, शिवसागराच्या पाण्याखाली त्यांच्या घरची नदीकाठची भातखाचरं गेली, आणि उरलेल्या डोंगरउतारावर चार भाऊ जगणार नाहीत म्हणून ते मुंबईला आले. आमच्या घाटकोपरात साताऱ्याकडच्या घरांचं हेच सर्वसाधारण चरित्र आहे. गावकीच्या खोलीत राहायचं, मस्जिद बंदरला गोण्या उचलायच्या, पुढे बाजार वाशीला गेला की वाशीला जायचं. १९६९चा माथाडी कायदा झाला तेव्हा ते ऐन उमेदीत होते. अण्णासाहेब पाटलांचं नाव घेताना आबा टोपी सारखी करत, एवढंच मला आठवतं. राजकारणावर ते बोलत नसत. क्विंटलची गोणी पाठीवर घेऊन फळी चढणं हे त्यांनी आयुष्यभर केलं, आणि त्या कामाने त्यांच्या अंगात जे मुरलं त्याच्याशी पुढे आमच्या शाळेचा संबंध येणार होता.

मधमाश्या त्यांच्याकडे वडिलांपासून आलेल्या. महाबळेश्वर-जावळीच्या पट्ट्यात घरामागे दोन-चार पेट्या असणं नवलाचं नव्हतं. मध महाबळेश्वरच्या मधोत्पादकांच्या सहकारी संस्थेत घालायचा, तो 'मधुसागर' नावाने विकला जायचा. त्याच भागातलं मांघर २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी ते देशातलं पहिलं असल्याचं छापलं. आबा ती बातमी वाचायला राहिले नव्हते. असते तर म्हणाले असते, "आता जाहीर केलं व्हय?"

खोकं दुसऱ्या दिवशी कुठे तरी डोंगरावर सोडून द्यायचं ठरलं होतं. मुलांनी ते होऊ दिलं नाही. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला, पण ते मनाने उदार होते आणि शाळा छोटी होती. मोठ्या शाळेत या प्रश्नावर समिती बसली असती. आमच्याकडे चहाच्या कपावर निर्णय झाला: पालकांची लेखी संमती घ्यायची, अंगावर गांधी उठणाऱ्या किंवा दम्याच्या मुलांना लांब ठेवायचं, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवायचं, आणि आबा असल्याशिवाय कोणी झाकण उघडायचं नाही. या शेवटच्या अटीमुळे आबा दर शनिवारी भटवाडीहून पूल ओलांडून पूर्वेला येऊ लागले.

पहिल्या शनिवारी त्यांनी मुलांना तीन नियम सांगितले. काळे कपडे नकोत. पेटीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, कारण तो त्यांचा रस्ता आहे. आणि त्या दिवशी डब्यात केळं आणायचं नाही. तिसऱ्या नियमावर वर्ग हसला. मला ती गावाकडची समजूत वाटली, पण मी काही बोलले नाही. नंतर वाचनात आलं, की डंख मारताना माशी जो धोक्याचा गंध सोडते त्याचा मुख्य घटक आयसोअमाइल ॲसिटेट, आणि पिकल्या केळ्याच्या वासातही तेच रसायन असतं. मी उत्साहाने हे आबांना सांगितलं. ते म्हणाले, "असंल. डंख बसला की केळ्यावानी वास येतो, हे नाक असंल त्याला कळतं." डंख बसलाच तर चिमटीत धरून ओढायचा नाही, नखाने आडवा खरवडून ताबडतोब काढायचा, हेही त्यांनी मुलांकडून काडीने गिरवून घेतलं. मुलांना डंख बसले. मलाही बसले. कोणी शाळा सोडली नाही.

खोक्यात माश्या कायम राहणं शक्य नव्हतं. रीतसर पेटी महाबळेश्वरच्या मध संचालनालयातून आली, एसटीच्या टपावरून. त्याआधी माहिती काढायला मी आणि आबा विलेपार्ल्याला इर्ल्याच्या 'ग्रामोदय' इमारतीत, खादी आयोगाच्या कचेरीत, जाऊन आलो. तिथून कोणी बोरिवलीच्या कोरा केंद्राचं नाव सांगितलं. कोरा केंद्र म्हटलं की आता उपनगरातल्या मुलांना नवरात्रातला गरबा आठवतो. ते ग्रामोद्योग शिकवण्यासाठी उभं राहिलेलं ठिकाण आहे, हे मलाही त्या दिवशीच कळलं. वर्ध्याची १९३७ची शिक्षण परिषद आणि नई तालीम मी डी.एड.ला पाच गुणांसाठी पाठ केली होती. हाताला काम देऊन शिकवायचं, असं उत्तर लिहिलं की पाच गुण मिळत. पेटी आली तेव्हा तिची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये करावी लागली, कारण दुसरं रजिस्टर नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. पेटीत खालचा मजला पिल्लांचा, वरचा मधाचा. वरच्या मजल्यात किती मध साठला हे बघायला झाकण काढावं लागतं, चौकटी उचलाव्या लागतात, आणि दर वेळी माश्यांचं काम मोडतं. आबा झाकण काढत नसत. पेटीच्या मागे जाऊन दोन बोटांनी तळ धरायचे, पेटी इंचभर वर उचलायची, डोळे मिटायचे आणि सांगायचे: "गेल्या शनवारपासून अर्धा किलो चढलंय." किंवा, "काही न्हाई. पावशेर उतरलंय."

मुलांना हे जादूचं वाटलं आणि विज्ञानाच्या बाई म्हणून मला ते पडताळून घेणं भाग होतं. गल्लीतल्या भंगारवाल्याकडून ताणकाटा उसना आणला. संध्याकाळी सगळ्या माश्या आत आल्यावर तोंड जाळीने बंद करायचं, पेटीला दोर बांधायचा आणि काट्याला लटकवायची. आबांनी आधी अंदाज सांगायचा, तो एका मुलाने वहीत लिहायचा, मग काटा. पहिल्यांदा फरक निघाला जेमतेम छटाकभर. मुलं किंचाळली. आबांना त्यात विशेष काही वाटलं नाही. "चाळीस वर्सं गोणी उचलली, बाई. गोणीत चार किलो कमी असलं की पाठीला कळायचं. मुकादमाला सांगायचो, यापाऱ्याला सांगून काय उपेग नसायचा."

त्या वहीचा पुढे आलेख झाला. आडव्या अक्षावर शनिवार, उभ्या अक्षावर वजन. नववीच्या मुलांना मी आलेख शिकवायचे तो ट्रेनच्या वेगाचा किंवा धान्याच्या उत्पादनाचा, आणि त्याचं कोणालाच काही वाटत नसे. हा आलेख खाली वळला की मुलं कारण शोधायला बाहेर पडत. फेब्रुवारीपासून वजन चढू लागलं तेव्हा कोणती झाडं फुलली आहेत याची यादी आली: शेवगा, करंज, सोसायट्यांमधले नारळ. मार्चअखेर एकदम मोठी चढ आली आणि परिसरात तसं काही नवीन फुललेलं सापडेना. आबा म्हणाले, माश्या कुठल्या दिशेने जातात ते बघा. त्या पूर्वेला, द्रुतगती महामार्गावरून जात होत्या. पलीकडे खाडी आणि खाडीच्या काठाला तिवराची झुडपं. सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरपर्यंत चारा शोधते, तेवढ्या अंतरात ती बसतात. ज्या तिवरांना आमची मुलं 'चिखलातली घाणेरडी झाडं' म्हणायची, त्यांचा मध आमच्या पेटीत येत होता.

एप्रिलच्या शेवटी मध काढायची वेळ आली. हाताने फिरवायच्या मधयंत्रात चौकट घालून मध काढला की पोळं शाबूत राहतं आणि माश्यांना परत मिळतं. एक किलो मेण करायला त्यांना सहा-आठ किलो मध खर्चावा लागतो असं पुस्तकं सांगतात, तेव्हा पोळं पिळून मध काढणं म्हणजे घर विकून भाडं भरण्यासारखं. आबांचा हिशोब सोपा होता. "खालच्या मजल्याला हात लावायचा न्हाई. वरच्यातलं बी अर्धंच. मिरग आला की चार महिने यांना भायेर काम न्हाई."

मुंबईत माणसाला दुष्काळ उन्हाळ्यात वाटतो, माश्यांचा दुष्काळ पावसाळ्यात असतो. फूल धुऊन निघतं, उडायला मोकळीक मिळत नाही, साठा संपतो. तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो: साखर आणि पाणी सम प्रमाणात, उथळ भांड्यात, बुडू नयेत म्हणून वर काड्या, आणि तोही संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या पोळ्याच्या माश्या लुटायला येतात. पेटीचे चार पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी. हे सगळं ऐकल्यावर आठवीतला एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नसे, म्हणाला, "म्हणजे आपण त्यांचा मध घ्यायचा आणि नंतर साखर द्यायची? ही फसवणूक आहे."

मी काही तरी सारवासारव करणार होते. आबा हसले. "व्हय, फसवणूकच हाय. म्हणून थोडीच करायची."

१९८७च्या ब्रुंटलँड अहवालातली शाश्वत विकासाची व्याख्या मी दरवर्षी वहीत लिहून देत असे, भावी पिढ्यांच्या गरजा वगैरे. ती चुकीची नाही. पण तिच्यात घेणाऱ्याला थोडी लाज वाटावी असं काही नाही, आणि मला वाटतं ती लाजच कामाची आहे. त्या वर्षापासून मी व्याख्या लिहून देते आणि खाली आबांचं वाक्य लिहिते. तपासणीसाठी आलेल्या एका साहेबांनी त्यावर लाल रेघ मारली होती. रेघ मुलांनी जपून ठेवली.

आबांना मी संत करून ठेवू नये म्हणून हेही सांगते. एका डिसेंबरात शेजारच्या उंच इमारतीच्या बाराव्या मजल्यावर आग्या बसल्या. भलं मोठं एकच पोळं, उघड्यावर. ही जात पेटीत राहत नाही, हंगामाप्रमाणे ठिकाण बदलते; काही महिने थांबलं तर बहुतेकदा आपणहून उठून जाते. रात्री कोणी तरी औषध मारलं आणि सकाळी शाळेच्या वाटेवर मेलेल्या माश्यांचा खच होता. मुलं रडली, रागावली, सोसायटीला पत्र लिहायचं म्हणाली. आबांनी त्यांना बसवलं आणि सांगितलं की तरुणपणी कोयनेच्या जंगलात ते आणि त्यांचे भाऊ अमावास्येच्या रात्री कड्यावर उतरून, चूड पेटवून आग्याची पोळी जाळत. मध काढत, पिल्लं खाली पडत. "आमी बी तेच केलं. त्यांनी औषधानं केलं, आमी जाळानं. पत्र लिवा, पर शिव्या घालू नका." पत्र गेलं, त्यात शिवी नव्हती. उत्तर आलं नाही, पण पुढच्या वर्षी पोळं बसलं तेव्हा त्या इमारतीच्या वॉचमनने आबांना विचारायला माणूस पाठवला.

२०१६ला राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलली. आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून मरते. आबांना घेऊन आम्ही घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला आणि तिथून लोकलने बोरिवलीला गेलो. मेट्रोत ते पहिल्यांदाच बसत होते. सगळा प्रवास त्यांनी उभ्याने खिडकीशी केला. डोंगर जांभळा झालेला. मुलं फोटो काढत होती आणि आबा एका झुडपाशी वाकून आवाज ऐकत होते. गावाकडे कारवीच्या काठ्यांचा कूड करून शेणाने सारवलेल्या घरात ते जन्मले होते, आणि कारवीच्या वर्षीचा घट्ट, काळसर मध ही त्यांच्या लहानपणातली मोजकी चैन होती. परतताना त्यांनी मुलांना पुढची कारवी कधी ते मोजायला लावलं. २०२४, मुलं म्हणाली. "तवा तुमी केवढे?" हा हिशोब मुलांनी मोठ्याने केला. स्वतःचा त्यांनी कोणाला करू दिला नाही.

पेटी एकदा रिकामी झाली. ऑगस्टमध्ये मेणकिडा लागला आणि एका सकाळी सगळ्या माश्या उठून गेल्या. सातेरीची ही खोडच आहे; जागा पटली नाही की घर सोडते. वर्गात सुतक पडल्यासारखं झालं. एक मुलगी म्हणाली, "आबा, आपलं काय चुकलं?" ते म्हणाले, "चुकलंच असंल असं न्हाई. न्हाई पटलं, गेल्या. माशी काय आपली नोकर हाय?" मग त्यांनी पेटी उन्हात तापवली, आतून जुनं मेण चोळलं, त्यावर गवती चहाची पात चुरगाळली आणि पेटी शाळेच्या गच्चीवर ठेवून दिली. दिवाळीची सुट्टी संपवून आलो तेव्हा आत नवी वस्ती होती. गवती चहाचा वास माश्यांच्या 'इकडे या' या गंधाशी जुळतो, हे मी पुन्हा नंतरच वाचलं. तोवर अशा वेळी आबांना धावत जाऊन सांगण्याची माझी हौस गेली होती.

शाळेने त्यांना मानधन देऊ केलं, त्यांनी घेतलं नाही. स्नेहसंमेलनात शाल-श्रीफळ दिलं. ती शाल थंडीच्या दिवसांत पेटीवर दिसली. त्यांनी मागितलं ते वेगळंच. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेची एक मराठी पुस्तिका माझ्याकडे होती. १९६२पासून चालत आलेली ती संस्था. आबांची अक्षरओळख चौथीपर्यंतची, लहान टाइप दिसत नसे. "ती मला वाचून दाखवा," म्हणाले. मग शनिवारी काम उरकलं की मी वाचायची आणि ते मध्येच थांबवायचे. "हे बराबर." "हे घाटावर, खाली न्हाई." "हे परत वाचा." राणी सोळा दिवसांत पुरी होते हे त्यांना माहीत होतं, पण ती केवळ खाण्यातल्या फरकामुळे राणी होते, अंडं कामकरी माशीसारखंच असतं, हे माहीत नव्हतं. त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग नातीकडे बघून म्हणाले, "म्हंजी खाण्यावर हाय सगळं." ती नात आज परळच्या एका रुग्णालयात नर्स आहे.

मला शिकवण्याबद्दल जे काही येतं त्यातलं बरंचसं त्या वाचनात जमा झालं. मी वाक्य वाचायची आणि समोरचा माणूस ते आपल्या हातांच्या अनुभवावर घासून बघायचा. त्यानंतर वर्गात एखादं वाक्य वाचून झालं की मी थांबते. कोणी तरी "हे घाटावर, खाली न्हाई" म्हणेल याची वाट बघते. क्वचित कोणी म्हणतंही.

आबा शेवटची दोन वर्षं गावी होते आणि तिथेच गेले. पेटी आमच्याकडे आहे, आता दोन आहेत. जागतिक मधमाशी दिन २० मेला येतो, तेव्हा आम्हाला उन्हाळी सुट्टी असते, त्यामुळे आमच्याकडे तो कधीच साजरा होत नाही. मागून पेटी उचलायला मी शिकले, पण माझा अंदाज अजून अर्ध्या किलोने हुकतो आणि मुलांना त्यात फार आनंद होतो. यंदा सहावीने ठराव केला आहे की मध अजिबात काढायचा नाही, अर्धाही नाही, म्हणजे फसवणुकीचा प्रश्नच उरणार नाही. माझं मत वेगळं आहे. मध साठून जागा अडली की राणीला अंडी घालायला घरं उरत नाहीत, आणि निम्म्या माश्या राणीसकट थवा करून निघून जातात. सहावीला हे पटलेलं नाही. शनिवारी वजन करून मग पुन्हा बोलायचं ठरलं आहे.